आत्याची रेकॉर्ड

फार वर्षं शोधून मिळालेली आत्याने गायलेल्या गाण्याची लाखेची जुनी रेकॉर्ड काल नळाखाली धुतली. ओल्या लाखेचा वास आला आणि मुरुडचं अंगण आठवलं.

लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र नेहमीचाच. जुन्या गाण्यांचे एक शौकीन शहरातून याच रेकॉर्डची आत्याकडची प्रत मागायला आले होते. रेकॉर्डवरची धूळ काढायला त्यांनी पाणी मागितलं. आत्याने तांब्या दिला, पण खाली परात धरली आणि साचलेलं मळकं पाणी त्यांच्यादेखत शेळीपुढे ठेवलं.

"लई तहानली हाय ती," आत्या म्हणाली.

पाहुण्यांसमोर मला तिची इतकी लाज वाटली की मी घरात पळाले.

काल रेकॉर्ड पुसून झाली, तरी नळ वाहतच होता. खाली मी काहीच ठेवलं नव्हतं.