स्लॅबमधलं भोक

माझ्या मायचा आवाज असा, की तिने धुळ्यात हाक मारली तर पार यावलला सुटायच्या बेतात असलेली एसटी थांबायची. ड्रायव्हरला वाटायचं, कुणीतरी पॅसेंजर राहिलं. यात तसूभर जरी खोटं असेल तर माझ्या कॉम्प्युटरला व्हायरस लागो.

धुळ्याच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान खाली आणि घर वर. मधे लाकडी तक्तपोशी. त्या तक्तपोशीत, बरोबर आबांच्या गादीच्या वर, पाटाएवढं चौकोनी भोक होतं. आबा म्हणजे माझे वडील. दुपारी भोकावरचं झाकण सरकायचं, मायचं अर्धं तोंड दिसायचं आणि हाक यायची, "ओ, जेवाले या! भाकर निवी राह्यनी!"

आबा तोंडाने उत्तर देत नसत. कापड मोजायचा लोखंडी गज उचलून छताला ठोकत. एक ठोका म्हणजे आलो, दोन म्हणजे गिऱ्हाईक बसलंय. गिऱ्हाईक फारच चिवट निघालं तर भोकातून दोरीला बांधलेली टोपली उतरायची. तिच्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. शेवभाजीला काळ्या मसाल्याची फोडणी बसली की तिचा खाट, तो नाकाला झोंबणारा धूर, सरळ दुकानात. बाया शिंकत शिंकत लुगडी घेऊन जायच्या, घासाघीस करायला श्वासच उरायचा नाही. आमचं दुकान त्या फोडणीवर चाललं, हे माझं प्रामाणिक मत आहे.

आता माय नाही, आबा नाहीत. दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात आणि भोक होतं तिथे फॉल्स सीलिंग आहे. मी एकदा कव्हर घ्यायच्या निमित्ताने जाऊन वर बघून आलो.

मी झालो आर्किटेक्ट. जळगावच्या भर बाजारातली जुन्या दुकानांची एक रांग पाडून तिथे संकुल उभं करायचं काम माझ्याकडे आलं. खाली दुकानं, वर फ्लॅट. बिल्डर शेठची अट एकच, "खालचा आवाज वर नको, वरचा वास खाली नको." म्हणून तळाला आणि पहिल्या मजल्यावर दुकानं, त्यावर पार्किंग, आणि घरं त्याच्याही वर. जुन्या दुकानदारांना खाली गाळा आणि मागच्या बाजूला सहाव्या मजल्यावर फ्लॅट. सहाव्या मजल्यावरून असोद्याच्या केळीबागा दिसतात, इतकंच काय, केळी पिकली की नाही तेही कळतं, असं मी सगळ्यांना सांगत होतो. सगळे सह्या करत होते.

अडले ते एक नाना. भांड्यांचं दुकान, वरच घर. ते म्हणाले, "आधी घरातून होकार आणा. तिची सही झाली की माझी."

म्हणून शेठ आणि मी लाकडी जिना चढून वर गेलो. नानांच्या बायकोने, अक्कांनी, चहा दिला. मी नकाशा पसरला आणि केळीबागांवर आलो तोच त्यांनी हात आडवा केला.

"बाल्कनी, लिफ्ट, बठ्ठं चांगलं शे भाऊ. पन मंग मी यासले हाक कथाइन मारू?"

यांना हाक कुठून मारू! मी दचकलो. अक्का माहेरच्या धुळ्याकडच्या. बोलता बोलता त्यांनी पायाशी असलेलं झाकण सरकवलं. खाली नानांचं टक्कल, भोवती पितळी हंडे. त्यांनी हाक मारली आणि खालून नानांनी तव्यावर उलथनं वाजवलं. टण्ण.

शेठ हसले. "अक्का, मोबाइल आहे की!"

"फोनमाईन भाकर उतरस का रे?"

शेठने चहात तोंड घातलं. मी नकाशा गुंडाळला, केळीबागांसकट.

ऑफिसात येऊन मी आधी स्लॅबला भोक काढलं, मग बाकीची इमारत. नानांचं घर त्यांच्याच गाळ्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. शेठ भडकले. ती जागा शोरूमला जाणार होती. मी म्हटलं, "गुजरातेत सध्या हीच फॅशन आहे. मालक डोक्यावर राहिला की दुकानाला बरकत." ही फॅशन मी त्याच क्षणी शिवून काढली होती. शेठला ती पटली, की नानांच्या सहीवाचून पाया खणता येत नव्हता म्हणून पटली, देव जाणे.

घर मिळालं, भोक मात्र गेलं. अग्निशमनच्या साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. "खाली दुकान पेटलं तर हे धुरांडं होईल. वर माणसं झोपतात ना?" त्यांच्यापुढे मी एकही थाप मारू शकलो नाही, कारण ते बरोबर होते. मी भोक बुजवलं आणि अक्कांची बाल्कनी शटरच्या पुढे, नियमात बसेल तेवढी, फुटपाथकडे ओढली. अक्कांना तसं सांगितलं. त्यांनी नकाशावर बाल्कनीपासून फुटपाथपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "बरं, चाली." आणि सही केली.

संकुल झालं. नानांच्या दुकानाला काचेचं दार आणि एसी. पहिल्याच आठवड्यात कळलं, की काच हाक आत घेत नाही.

परवा दुपारी बाजारातून जाताना पाहिलं, नाना एसी आत एकटाच सोडून बाहेर स्टुलावर बसले होते. जळगावचं ऊन, डांबर वितळून चपलांना जेवायला बोलावत होतं. नानांच्या मांडीवर तवा, हातात उलथनं. मान वर.

"नाना, आत बसा ना!"

"थांब," ते म्हणाले, "वेळ झालीय."

मीही शेजारी मान वर करून उभा राहिलो. बाल्कनीत पदर दिसला, हाक आली, नानांनी तवा वाजवला. मग अक्कांची नजर माझ्यावर गेली.

"ओ भाऊ, तू बी ये जेवाले! भाकर निवी राह्यनी!"

रस्त्यावरची दोन माणसं वळून बघू लागली. यावलची एसटी नक्की थांबली असेल. मी कानामागे हात धरला.

"अक्का, ऐकू नाही आलं. परत म्हणा ना."