अर्थाच्या भानगडीत पडू नको

कर्जतला सरांचा सत्कार होता. मी स्टेजच्या कडेला उभी. हातात त्यांची पाण्याची बाटली आणि लॅटिनचं जाड पुस्तक. सर माईकवर म्हणाले, "सत्तरीत, दृष्टी गेलेली असताना मी लॅटिन शिकलो. एकट्यानं. कुणाच्याही मदतीशिवाय."

टाळ्या झाल्या. मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

तीन वर्षं. रोज कशेळ्याहून जीपनं कर्जतला त्यांच्या घरी जाऊन, खाली चटईवर बसून मी त्यांना ते पुस्तक वाचून दाखवत होते. सर निवृत्त प्राध्यापक, गावातलं जुनं मानाचं घर. मी शेतकऱ्याची मुलगी, बारावी झालेली. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "तू फक्त अक्षरं वाच. अर्थाच्या भानगडीत पडू नको."

पण एकच वाक्य वीस वेळा वाचल्यावर कोण पडणार नाही? पुएल्ला म्हणजे मुलगी. पुएल्लाम म्हणजे मुलीला. अरे, ही तर विभक्ती. शाळेत छड्या खाऊन पाठ केलेली. शब्दाचं शेपूट बदललं की मारणारा कोण आणि मार खाणारा कोण, ते बदलतं. मी वही केली. डाव्या पानावर उच्चार, उजव्या पानावर मराठी. जीपमध्ये रूपं पुटपुटायचे. शेजारची बाई म्हणायची, "जप करतेस का गं?"

सरांना हे माहीत होतं. एकदा त्यांनी पुस्तकातल्या स्वाध्यायाचं उत्तर चुकीचं सांगितलं. मी म्हटलं, "सर, इथं द्वितीया पायजे." त्यांनी वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग हसले. "तू माझी विद्यार्थिनी गं. एक दिवस सगळ्यांना सांगणार आहे मी." त्या वाक्यावर मी माथेरानच्या हॉटेलातली चालून आलेली नोकरी सोडून दिली.

सगळ्यांना सांगायचा तो दिवस हा होता.

सर पुढे म्हणाले, "आता एक उतारा ऐका. आमची ही मुलगी वाचेल. तिला त्यातलं काही कळत नाही, पण आवाज स्वच्छ आहे. टेपरेकॉर्डरच म्हणा ना."

लोक हसले. कौतुकानं हसले. तेच जास्त लागलं.

मी वर गेले. पान उघडलं. तो उतारा मला त्यांच्या आधी सुटला होता. वाचून अर्थ सांगावा असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, परीक्षा का म्हणून द्यायची? आणि कुणाला? पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं.

"एकट्यानं शिकलात ना, सर. तुमीच वाचा."

माईकनं ते सगळ्यांना ऐकवलं. सरांची बोटं पानावर फिरत राहिली. पुस्तक उलटं होतं. मी सरळ केलं नाही.

घरी आई म्हणाली, "आंधळ्या मानसाला असं करायचं नाय गं." मी म्हटलं, "डोळं गेलंत त्यांचं. कान हायत."

माझी वही त्यांच्या टेबलावर राहिली होती. मागितली तर निरोप आला, रद्दीत गेली.

मग पहिल्यापासून. जुनी व्याकरणं मोबाईलवर फुकट मिळतात, ती उतरवली. उच्चारांची रेकॉर्डिंगं ऐकते. चुलीमागच्या भिंतीवर खडूनं तक्ता काढलाय, भाकऱ्या थापताना मोठ्यानं म्हणते. दिवसाला दहा शब्द. मराठी वाक्य लॅटिनमध्ये लिहायचं, दुसऱ्या दिवशी ताडून बघायचं. चूक दाखवायला कुणी नाही. चूक सापडायला वेळ लागतो, पण सापडते. नामांचे पाच गट असतात. चौथ्यावर आलेय.

परवा सरांचा भाचा आला. "सरांचं वाचन थांबलंय. ये ना परत."

मी विचारलं, "माझ्याबद्दल काय बोलले?"

"झालं गेलं विसर म्हणाले."

मी नाही विसरणार. कुणी विचारलं तर सांगेन की लॅटिनचं पहिलं पुस्तक त्यांच्या घरी पाहिलं. खोटं बोलायची मला गरज नाही. पण त्यांनी आधी त्याच लोकांसमोर, त्याच माईकवर खरं सांगायचं. तोवर त्या घराची पायरी चढणार नाही. आणि सांगितलं, तरी वाचून दाखवायला जाणार नाही. जाईन ती शिकायला. समोरच्या खुर्चीवर बसून.