लाखातल्या चार वाती

माझ्या नवऱ्याने, चारुदत्तने, दोन वर्षांपूर्वी सिगारेट सोडली. सोडली म्हणजे बदलली. सिगारेटच्या जागी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट आली. मिरजेला आईंना फोन करताना त्याने पहिलं तेवढं सांगितलं, दुसरं गिळलं. आईंचा आनंद गगनात मावेना. 'चारूचं व्यसन सुटू दे, महादेवाला लाख वाती लावीन' असं त्या कधीच्या बोलून बसल्या होत्या.

चारू इथे कॅनडात, मार्कहॅममध्ये टेस्ट इंजिनिअर आहे. भाजीत मीठ कमी की जास्त हे त्याला अठरा वर्षांत कळलेलं नाही, पण व्हेपच्या चवीपायी त्याने बेसमेंटमध्ये अख्खं वर्कबेंच उभारलं. दुकानातली तयार कॉइल म्हणजे मेसचं जेवण, असं त्याचं मत. हा स्क्रूड्रायव्हरवर बारीक तार गुंडाळून कॉइल करणार, ती व्हेपच्या टाकीत हवेच्या भोकाच्या अगदी वर बसवणार आणि तापवून बघणार की लाली मधून कडांकडे सारखी पसरते का. मग टाकीतला आंब्याच्या चवीचा द्रव शोषायला तिच्यातून कापूस ओवायचा. गच्च झाला तर जळका ठसका लागतो, सैल झाला तर टाकी गळते. "चव कापसात असते," हे तो मला इतक्या वेळा सांगायचा की मी कान बंद करून घेतले होते.

गेल्या सप्टेंबरात आई आल्या त्या बॅगभर देशी कापूस घेऊन. खिडकीशी बसून रोज सहाशे वाती. सरकी, कचरा वेचायचा, कापूस पिंजायचा आणि दुधाचं बोट न लावता कोरड्या हाताने वळायच्या. शंभर झाल्या की एक जुडी.

एका रविवारी चारूने गंमत म्हणून चार वाती उलगडून कॉइलमध्ये घातल्या. दुकानातला कापूस पहिला दिवसभर कागदासारखा लागायचा. यातून पहिल्याच झुरक्याला आंबा लागला म्हणे. मग दिवसाआड कापूस बदलताना चार-चार वाती जाऊ लागल्या. पिशवीतला न वळलेला कापूस घेतला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं, पण त्याला कचरा वेचायचा कंटाळा. जुडीतून वाती काढताना मी त्याला पकडलं. "अगं, लाखातल्या चार. व्हॉट्स द बिग डील?" तो म्हणाला. मी हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

मार्चमध्ये लाख पुरे झाले. आईंनी नेमाप्रमाणे जुड्या सोडून पुन्हा मोजल्या. तीनशे चाळीस कमी भरल्या. परत मोजल्या, तरी तेवढ्याच. त्या कुणावर चिडल्या नाहीत, घाबरल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीची विसरण्याची सुरुवात अशीच आकडे चुकण्यापासून झाली होती. मग त्यांनी गॅसला हात लावणं सोडलं, एकटीने फिरायला जाणं सोडलं. औषध घेतलं का, हे मला दोन-दोनदा विचारू लागल्या. शेवटी आम्ही त्यांना स्मरणशक्तीच्या तपासणीला नेलं. एका वाक्यात सगळं मिटलं असतं, पण ते वाक्य बोलायचं तर व्यसनाचंही सांगावं लागणार होतं. चारूला तो धीर नव्हता. मला तर तसं कारणही नव्हतं. मी नुसती गप्प बसले.

तपासणीत थोडं कमी-जास्त निघालं. घरी आल्यावर आई म्हणाल्या, "मिरजेला आता मला एकटीला ठेवू नका. एखादा चांगला वृद्धाश्रम बघा."

चारूचा चेहरा पडला. "आई, वाती मी घेतल्या," तो म्हणाला.

आई हसल्या. "माझी समजूत काढू नकोस रे. ताईला आम्हीही असंच सांगायचो."

तेव्हा तो बेसमेंटमधून टाकी घेऊन आला. त्यांच्यासमोर उघडून त्याने चिमट्याने आतला काळा पडलेला कापूस ओढून काढला आणि सगळं सांगितलं. आईंनी तो तळहातावर घेतला, दोन बोटांनी चोळून बघितला.

"म्हणजे सुटलं नाहीच."

"नाही."

त्यांनी मान हलवली. पोटच्या पोराला त्या तिथल्या तिथे माफ करून मोकळ्या झाल्या असाव्यात. मला त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. गप्प राहिले असते तर निभावलं असतं.

"आई, मलाही ठाऊक होतं," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे वळल्या. "त्या डॉक्टरबाईने मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं," त्या म्हणाल्या. "काटे कुठे काढायचे ते मला सुचेना. मी पेन्सिल खाली ठेवली, तेव्हा तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. तेव्हाही ठाऊक होतं?"

"हो," मी म्हणाले.