सगळ्यांची एकच नदी

कॉलेजात पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला आणि शिकवायला कोणी तयार नाही म्हणून माझ्या गळ्यात पडला. मी मुळात इतिहासाची. पुढे हा विषय ऑनलाइनही झाला. धडा संगणकावर वाचायचा आणि खालच्या चौकटीत स्वतःचं मत टाइप करायचं. ते नावासकट सगळ्यांना दिसायचं.

पाणीप्रदूषणाच्या धड्यात उदाहरण होतं इंग्लंडमधल्या नदीचं. एकाने त्या नदीवर चार ओळी लिहिल्या, बाकीच्यांनी त्याच उचलून चिकटवल्या. एकीने तर खालचं त्याचं नावही तसंच ठेवलं!

वर्गात मी भडकले. "ही नदी कोणी बघितलीय का रे? मिरकरवाड्याच्या बंदरात पाण्यावर तेलाचा तवंग रोज दिसतो, तो लिहा की!"

"पण ते धड्यात नाय ओ मॅडम. मार्क कोण देणार?"

"मी देणार!"

आठवड्याने पाहिलं, तर पुन्हा तीच नदी. फक्त शेवटी एक वाक्य वाढलं होतं, 'आपल्या परिसरातही असे प्रदूषण आढळते.' सगळ्यांचं तेच. कपाळाला हात लावला.

लोट्याजवळच्या गावातली एक मुलगी हॉस्टेलवर राहून शिकत होती. तिने चौकट कोरीच ठेवली होती. तास संपल्यावर तिला थांबवलं.

"तुझ्या घराशेजारी एवढे केमिकलचे कारखाने, आणि तुला लिहायला काही नाही?"

तिने की-बोर्ड बाजूला सारला. मग म्हणाली, "बाबा तिथंच कामाला आहेत, मॅडम. हे माझ्या नावाने राहणार ना? कंपनीतल्या कोणी वाचलं तर?"

माझा आवाज खाली आला. "बरं, मला नुसतं सांग."

"बाबा शिफ्टवरून आले की कपडे पडवीतच काढतात. आई ते वेगळे धुते. विहिरीचं पाणी आम्ही पीत नाही आता. पण त्याच नोकरीवर मी इथं शिकतेय. मग मत काय लिहू?"

अख्ख्या वर्गात धडा कळला होता तो हिला. मी विद्यापीठात फोन लावला.

"तोंडी उत्तराला मार्क देता येतील?"

"चौकट रिकामी असेल तर सिस्टीम मार्क घेत नाही, मॅडम."

"निदान नाव लपवता येईल?"

"तशी सोय नाही."

मी रिसीव्हर आपटला. दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "मग मी पण नदीच टाकू?"

"टाक," म्हटलं. दुसरं काय सांगणार? तिला सगळ्यांइतकेच मार्क मिळाले, आणि ते देताना माझा जळफळाट झाला.

पुढच्या धड्यापासून मी आधी सगळ्यांना व्हरांड्यात बसवून बोलतं करू लागले. मासळीच्या घाणीवरून मिरकरवाड्याची पोरं आणि बाजाराजवळ राहणाऱ्या मुली अशा काही भांडल्या, की शेजारच्या वर्गातले सर बाहेर आले. "तुमचा तास कॉम्प्युटरवर असतो ना?" त्यांनी विचारलं.

"असतो," मी म्हटलं, "पण आज जरा अभ्यास चाललाय."