किती परस खोल

त्या सकाळी मला ताप आलेला नव्हता. काखेत कांदा धरला की अंग तापते, असे शाळेत असताना ऐकले होते. तो प्रयोग मी बाविसाव्या वर्षी, चांगला कळता झाल्यावर केला. अंग कितपत तापले कोण जाणे, पण आईने कपाळावर हात ठेवला आणि मोठ्या भावाला म्हणाली, "ह्याला आज खाली उतरवू नकू. कढत लागतंय." दादाने एवढेच विचारले, "पेज घेतो का रं?" आणि माझ्या ऐवजी तो विहिरीत उतरला.

चौसाळ्याजवळच्या आमच्या रानात तेव्हा विहीर खोदणे चालू होते. काठावर यारी बसवली होती. तारेच्या दोराला मोठी बकेट अडकवून खालचा दगड-मुरूम वर ओढणाऱ्या यंत्राला आमच्याकडे यारी म्हणतात, आणि मैत्रीलाही यारीच. मजुरांच्या जोडीने आम्ही दोघे भाऊ राबत होतो. एक दिवस एकाने खाली, दुसऱ्याने काठावर. त्याला 'नंबर' म्हणत. विहीर पाच परस गेली होती. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस. आमच्या भागात विहिरीची खोली अजूनही अनेक जण तशीच सांगतात. आदल्या दिवशी डोक्यावरून जाणाऱ्या बकेटीतून सुपारीएवढा खडा माझ्या पायाशी पडला होता. एवढ्यानेच मी खचलो. पुढचा खालचा नंबरही माझाच होता, कारण दादा बाजाराला गेल्यामुळे आमची अदलाबदल झाली होती.

दादा उतरला त्या दुपारी भरलेल्या बकेटीतून धोंडा निसटला आणि दादाचा उजवा गुडघा फुटला. त्याच बकेटीत बसवून त्याला वर काढले, तेव्हा मी आजाऱ्यासारखे डोक्याला फडके गुंडाळून काठावर उभा होतो.

तीन महिने तो बाजेवर होता. त्या बाजेवरूनच त्याने मला शिक्षकाच्या अभ्यासक्रमाला धाडले. मी नको म्हणालो, तर म्हणाला, "हितं बसून माझा गुडघा उबवणार हायस का? जा गुमान." आज केजला मी मुलांना शिकवतो, ताठ पायांनी फळ्यासमोर उभा राहतो, ते त्याच्यामुळे. त्याने एकदाही त्याची आठवण करून दिली नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगे, "ह्याला ताप आला म्हणून वाचला. देवानंच राखला." त्याने माझ्या तापाचे आभार मानावेत, आणि मी मान खाली घालून ते ऐकावे, असे तीस-एक वर्षे चालले. तेव्हापासून मी तळघरातल्या दुकानातही पाऊल टाकलेले नाही.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत दादाचा गुडघा अगदीच धरला. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिने हट्टाने आम्हा दोघांना बोलावून घेतले. डॉक्टरांनी ऑपरेशनाआधी तीन आठवडे, आठवड्यातून एकदा, व्यायामाचे उपचार करून पाहू म्हणून सांगितले. मुलीने कागदावर मार्ग काढून दिला. घराजवळून वरची मेट्रो, मधल्या मोठ्या स्थानकात गाडी बदलून खालची मेट्रो, आणि शेवटच्या स्थानकाबाहेर चार पावलांवर दवाखाना.

वरच्या मेट्रोने दादा पहिल्याच दिवशी हरखून गेला. खांबांवरून गाडी निघाली की लोकांच्या गच्च्या खाली येत. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या कुरडया, दोरीवरचे कपडे. "आरं, ह्यांच्या घरातलं समदं दिसतंय की," तो म्हणाला, "ह्यांनी कसं राहावं बे?" शेजारचे एक गृहस्थ हसून म्हणाले, "काका, आम्ही पडदे लावले." मग नदी आली, आणि दादा काचेला कपाळ टेकवून बघू लागला.

मधल्या स्थानकात मात्र फलकावरचा खाली दाखवणारा बाण पाहिला आणि माझे पाय तिथेच थांबले. सरकते जिने एकाखाली एक उतरत गेले होते. मी दादाला म्हणालो, "खालची गाडी आज बंद आहे. दुरुस्ती चालू आहे म्हणे." तो "बरं" म्हणाला. आम्ही बाहेर पडलो, रिक्षा मिळेपर्यंत उन्हात चाललो आणि पुढे वाहनांच्या कोंडीत अडकलो. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो उन्हाचा आहे, असे मी स्वतःला समजावले. पुढच्या आठवड्यातही मी तेच केले. या खेपेस रस्ता खणलेला होता, म्हणून रिक्षावाल्याने अलीकडेच उतरवले.

त्या संध्याकाळी जेवताना मुलीने विचारले, "खालच्या मेट्रोने बरं पडतं ना? अजिबात चालावं लागत नाही."

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो. दादाच म्हणाला, "लई बेस. खाली कसं गार हाय."

"पण मोठे पप्पा, गुडघा एवढा का सुजलाय मग?"

"तो जुना हरामखोर हाय. त्याचं काय ऐकतीस?" मग त्याने विषय बदलला. "मला सांग, हे अर्धं वरून अन् अर्धं खालून कावून नेलं? दोन भावांत वाटणी झाली का काय?"

ती समजावू लागली. रस्ता रुंद असेल तिथे खांब उभे करता येतात, खर्चही कमी येतो; जुन्या पेठांत घराला घर लागलेले, तिथे खांबाला जागाच नाही, म्हणून भुयार. वरच्या मार्गाची अडचण सगळ्यांना दिसते, ती म्हणाली. दुकानांवर सावली पडते, खिडकीशी आवाज होतो, लोक भांडायला तरी येतात. भुयारावरून चालणाऱ्याला खाली काय चाललेय त्याचा पत्ताही नसतो. दादा मन लावून ऐकत होता. मला ऐकवत नव्हते. मी काय चालवले आहे, ते त्याला कळले होते, आणि का, हे ठाऊक नसतानाही त्याने मला पोरीसमोर झाकून घेतले होते. तीस वर्षांपूर्वी माझ्या भीतीचे ओझे त्याच्या पायाने उचलले. या पंधरवड्यात मी त्याच पायावर ते पुन्हा ठेवले होते.

तिसऱ्या आठवड्यात मधल्या स्थानकात उतरलो. दादा फलकासमोर थांबला.

"आज तरी चालू हाय का रं ती खालची?"

आवाजात टोमणा नव्हता. मी म्हणालो, "चालू आहे. रोजच होती."

"तसं वाटलंच. लोकं भराभरा उतरत व्हती की." एवढे बोलून त्याने माझ्या खांद्याचा आधार घेतला.

सुरक्षारक्षक असलेल्या एका बाईंनी त्याची चाल पाहिली, आम्हाला लिफ्टपाशी नेले आणि त्याही सोबत आत आल्या. त्यांचे मी मनोमन आभार मानले. जिन्यावरून मी बहुधा परत फिरलो असतो. दार मिटले. दादाने चहूकडे पाहिले. "ही यारी बरी हाय. दगड भरायला नकोत." मग रक्षकबाईंना म्हणाला, "ताई, हे किती परस खोल असंल?"

"परस म्हणजे काय, काका?"

त्याने हात वर करून दाखवले. त्या गोंधळल्या. "खूप असतील," त्या म्हणाल्या.

"आमची पाचच व्हती," दादा म्हणाला.

लिफ्ट उतरत राहिली. दादाने माझा दंड धरला, जणू तोल माझाच जात होता; आणि खरे तर तसेच होते. दार उघडले तेव्हा समोर लख्ख उजेड, धुतलेली फरशी, गार वारा. ओल्या मुरमाचा वास नव्हता, सुरुंगाच्या दारूचाही नव्हता. कोणीतरी आजोबा पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसले होते. जिथे उतरण्याच्या भीतीपायी मी एवढे केले, तिथे लोक पेढे घेऊन गाडीची वाट पाहत होते.

आम्ही बाकावर बसलो. दादा गुडघा चोळू लागला. आता बोललो नाही, तर गाडी येईल, मग दवाखाना, मग ऑपरेशन, आणि माझ्या तापाची गोष्ट तो भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगेल.

"दादा, त्या दिवशी मला ताप नव्हता."

भुयारातून गाडीची घरघर येत होती. त्याने कानामागे हात धरला. "काय? मोठ्यानं बोल की बे, मास्तर हायस ना?"

मी वर्गातही आवाज चढवत नाही. त्या फलाटावर चढवला. पेढेवाल्या आजोबांनी मान वळवली, रक्षकबाईंनी पाहिले. मी बोलत राहिलो.

"मला ताप नव्हता, दादा! खाली उतरायला भ्यालो आणि खोटं बोललो. नंबर माझा होता, तो धोंडा तू घेतलास. माझं चुकलं. मला माफ कर."