तारेतून ऐकलेला मासा

माझ्यासारख्या आत्ता कुठं शिकू लागलेल्या पोरानं लिहिणं आगाऊपणाचं वाटेल, माफ करा; पण प्रयोगशाळेत फॉर्मलिनचा वास आला की लातूरच्या मामाचं शोभेच्या माशांचं दुकान आठवतं. तिथं सुरीसारखा चपटा, काळा मासा होता. अंगातून बारीक वीज सोडून तो अंधारात वाट शोधायचा आणि मामाच्या हातातून खायचा. पाण्यात दोन तारा सोडून मी ती वीज छोट्या स्पीकरवर ऐकवली, रेकॉर्डही केली. सलग घूं असा आवाज ऐकून मामा हसला, "लाइट गेली तरी ह्याचं मीटर चालूच की." दिसायला सारख्या दोन जाती असतात, त्यातली ही कोणती हे ठरवायला पराचे काटे मोजावे लागतील, असं नांदेडचे आमचे सर म्हणाले, म्हणजे मासा मारावा लागणार होता. मला मागवेना. मामाच म्हणाला, "ने बाळा. आपल्या घरातलं पयलं कालेज हाय तुझं." परीक्षेसाठीच लागतोय असं त्याला वाटलं. तसं नव्हतं, तरी तसं न सांगता मी जाळी उचलली. मासा शांत होईपर्यंत मामा दुकानाबाहेर उभा होता. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या त्या माशाची बरणी आणि रेकॉर्डिंग सरांनी बाहेरगावच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. काल सरांचा फोन आला: जात ओळखली, नुसत्या आवाजावरून; बरणी उघडावीच लागली नाही.