चिखलाची वरची बाजू कोणती?

लोक म्हणतात, "तुम्ही शास्त्रज्ञ माणसं, तुमच्याकडं कसले आलेत किस्से!" अहो, आमच्या लॅबमधून वर्षाला रिसर्च पेपर निघतो एक, तोही नशीब असेल तर. किस्से मात्र आठवड्याला दोन! कुणाला तरी सांगितले नाहीत तर माझं डोकं फुटेल.

आधी आमचा धंदा सांगते. अंटार्क्टिकाच्या कडेनं बर्फाचं जाडजूड छप्पर समुद्रावर तरंगत असतं, त्याला आइस शेल्फ म्हणतात. ते पूर्वी कधी तुटलं, कधी वाढलं, हे कळायला तिथल्या समुद्रतळात लांब नळी खुपसून चिखल काढतात. त्याच्या थरांत सगळी नोंद असते. त्या नळ्या, आमच्या भाषेत कोअर, जहाजानं येतात, तिथून बेंगळुरूला, आणि आम्ही बसतो चिखल चिवडत. आम्ही म्हणजे प्रमुख शैलजा मॅडम, पुण्याहून पीएचडीला आलेला केदार, टेक्निशियन मंजण्णा आणि मी, निपाणीची वैशाली. मंजण्णा बेळगावकडचे, त्यामुळं मराठी फर्स्ट क्लास.

*

बेंगळुरूच्या बसवनगुडी भागात मी भाड्यानं राहते ते सरोजाक्कांकडं. तीन पिढ्या इथंच गेलेल्या, मराठीत निम्मं कन्नड. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काय काम करतीस गं?"

"समुद्राच्या तळाचा चिखल तपासते, अक्का."

"बेंगळूरला कुठला आलाय समुद्र?"

"इथला नाही, अंटार्क्टिकाचा."

अक्कांनी महादेवपुऱ्यात आयटीत असलेल्या सुनेला बोलावून घेतलं. दोघींना मी अर्धा तास समजावलं. बर्फ, हवामान, समुद्राची पातळी, सगळं! दोघी इतकं मन लावून ऐकत होत्या की मला भरूनच आलं.

शेवटी अक्का म्हणाल्या, "सरी, कळलं. पण हिच्या फेसपॅकला स्वल्प देशील का नाही, तेवढं सांग!"

*

चिखल धुतला की सूक्ष्म जिवांची कवचं उरतात, बारीक वाळूएवढी. ती मायक्रोस्कोपखाली एकेक उचलायला दोन-चार केसांचा ब्रश लागतो. मी खरेदी विभागाकडं मागणी केली.

उत्तर आलं, "सायन्स लॅबला पेंटिंगचा ब्रश कशासाठी?"

मी खुलासा दिला. त्यांनी खुलाशाचा खुलासा मागितला. वैतागून मी तिसऱ्या पत्राला कवचाचा मायक्रोस्कोपमधला फोटो जोडला, पानभर मोठा.

चार महिन्यांनी पार्सल आलं. आत भिंत रंगवायचा, चार बोटं रुंद ब्रश!

मी तरातरा खाली गेले. खरेदीवाले साहेब हसतमुख. "मॅडम, तुमचा फोटो बघितला. एवढा मोठा शिंपला दोन केसांनी कसा उचलणार? म्हणून मीच मोठा मागवला!"

*

नळ्या ठेवायला आमच्याकडं एक थंड खोली आहे. एके दिवशी तिथं डोशाच्या पिठाचा डबा सापडला. मॅडमनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "ही लॅब आहे का दर्शिनी हॉटेल? एकेक खोकं उघडा!"

मंजण्णांनी एकेक खोकं उघडलं. शेवटच्यावर चिठ्ठी होती, 'सॅम्पल. हात लावू नये.' अक्षर मॅडमचं. आत दोन डझन हापूस!

सगळ्यांनी मॅडमकडं बघितलं.

मॅडम म्हणाल्या, "ते कंट्रोल सॅम्पल आहे. बंद करा!"

*

पुढचं सांगताना मला अजून कानकोंडं होतं.

केदारनं एकाच नळीवर चार वर्षं काढली. गणित सोपं असतं. शेल्फ असलं की खाली अंधार, त्यामुळं डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ जवळजवळ नसतं. शेल्फ तुटलं की पाण्यात ऊन शिरतं आणि तळावर डायटमचा खच पडतो. शेजारच्या सगळ्या नळ्या सांगत होत्या की शेल्फ तुटलं. केदारची एकटी सांगत होती, वाढलं! नवा शोध लागला म्हणून मॅडम खूश. मोठ्या परिषदेला त्याचं भाषण ठरलं. पुण्यात त्याच्या आईनं सोसायटीभर पेढे वाटले. थरांच्या वयाचे रिपोर्ट तेवढे यायचे राहिले होते.

भाषणाची तालीम सुरू होती. मंजण्णा प्रोजेक्टरपाशी उभे. पडद्यावर थरांचा फोटो आला, मधोमध बोराएवढा खडा. असे खडे वरून जाणाऱ्या हिमनगांतून सुटतात आणि तळाच्या मऊ चिखलात रुततात.

"मॅडम, एक विचारू?" मंजण्णा म्हणाले. "दगड पडला की खालचा चिखल दबतो, का वरचा?"

"खालचाच."

"मग ह्याचा वरचा कसा दबलाय?"

मॅडम उठून पडद्याजवळ गेल्या. चष्मा काढला, परत घातला.

नळी उलटी होती! चार वर्षं आम्ही तळाला माथा म्हणत होतो. थंड खोलीच्या ओलाव्यानं जुनं लेबल पुसलं होतं आणि नवीन मी चिकटवलं होतं. माझ्याच अक्षरात 'वरची बाजू', बाणासकट.

केदार जिन्यात जाऊन बसला. मी मागोमाग गेले आणि शेजारी बसले. तो म्हणाला, "वैशाली, वाटलेले पेढे परत मागता येतात का गं?"

मग आम्ही दोघांनी मिळून एकेक आलेख परत काढला. रविवारसुद्धा सोडले नाहीत. भाषण रद्द झालं, थिसिस लांबला. आता केदारची नळीही शेजारच्यांसारखंच बोलते. त्याच्या थिसिसमध्ये आभाराच्या पानावर पहिलं नाव मंजण्णांचं आहे, आईवडिलांच्याही आधी. त्यावरून पुण्यात काय महाभारत झालं, ते मी विचारलेलं नाही.

*

त्यानंतर मॅडमनी फर्मान काढलं, कापायच्या आधी प्रत्येक नळीचा सीटी स्कॅन! तो आमच्याकडं कुठला? मॅडमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांचं स्कॅन सेंटर होतं, ते तयार झाले. मी आणि केदार नळी पांढऱ्या चादरीत गुंडाळून स्ट्रेचरवरून आत घेऊन गेलो. बाकावरच्या एका आजींनी हात जोडले.

रिसेप्शनच्या बाईंच्या कॉम्प्युटरला एकही रकाना रिकामा चालत नव्हता.

"पेशंट का नाम?"

"पेशंट नहीं, कोअर है," केदार म्हणाला.

त्यांनी 'मिस्टर कोअर' टाइप केलं. "उमर?"

"वही तो ढूँढ रहे हैं!"

बाईंनी केदारकडं कीव आल्यासारखं बघितलं आणि ९९ टाकलं. "तकलीफ क्या है?"

केदारचा पारा चढला. "उल्टी तो नहीं है, बस इतना देखना है!"

बाईंनी मान डोलावली आणि तेही टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पाकीट आलं. आम्ही सगळे जमलो. मंजण्णांनी ते फोडलं, चष्मा लावला आणि सावकाश वाचून दाखवलं.

"मिस्टर कोअर, वय ९९. तक्रार, उलटी. हाड कुठंही मोडलेलं नाही. खडे बरेच आहेत. रोज तीन लिटर पाणी प्यावं."